डेम्लो संख्या म्हणजे काय? १२३४५६७८९८७६५४३२१ चे गुणधर्म आणि फोन ती चुकीची का दाखवतो

आजचा विषय एकच संख्या आहे: १२३४५६७८९८७६५४३२१. एकपासून नऊपर्यंत चढते आणि नऊपासून परत एकपर्यंत उतरते. सतरा अंक आहेत, पण पाठ करायला दहा सेकंदही लागत नाहीत. ही संख्या १११११११११ चा वर्ग आहे, म्हणजे नऊ वेळा एक लिहून तयार होणाऱ्या संख्येला तिनेच गुणल्यावर मिळणारं उत्तर.

आता गंमत बघा. हाच गुणाकार वेगवेगळ्या ठिकाणी केला तर वेगवेगळी उत्तरं येतात:

• कागदावर: १२३४५६७८९८७६५४३२१
• ब्राउझरच्या जावास्क्रिप्टमध्ये: १२३४५६७८९८७६५४३२०
• एक्सेलमध्ये: १२३४५६७८९८७६५४३००
• जावा भाषेतल्या साध्या 'इंट' प्रकारात: १६५३७३२५२९

चारपैकी एकच बरोबर आहे, ते म्हणजे कागदावरचं. आणि बाकी तिघांपैकी कोणीही तुम्हाला 'माझं उत्तर अंदाजे आहे' असं सांगत नाही. ही संख्या कुठून आली, तिच्यात काय काय दडलंय, मशीन तिथेच का अडखळतं आणि त्याचा तुमच्या बँक खात्याशी काय संबंध, हे सगळं या लेखात बघू.

एका नजरेत

• संख्या: १२३४५६७८९८७६५४३२१
• आपल्या पद्धतीने स्वल्पविराम देऊन: १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१
• एकूण अंक: १७
• वर्गमूळ: १११११११११
• अंकांची बेरीज: ८१
• मूळ अवयव: ३ चा चौथा घात × ३७ चा वर्ग × ३३३६६७ चा वर्ग
• एकूण विभाजक: ४५
• बायनरीत लागणारे बिट: ५४
• प्रकार: पूर्ण वर्ग, विलोमपद (दोन्हीकडून सारखी), हर्षद संख्या, डेम्लो संख्या

ही संख्या वाचायची कशी?

कोटीच्या भाषेत वाचायची तर '१२३ कोटी ४५ लाख ६७ हजार ८९८ कोटी, ७६ लाख ५४ हजार ३२१'. कोटीचे कोटी म्हणायची वेळ येते, कारण रोजच्या बोलण्यात आपण कोटी-अब्जापुढे जातच नाही.

पण आपल्याकडे पुढची नावं आहेत. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या 'लीलावती'त एकपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं दिली आहेत. कोटीनंतर अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि परार्ध. त्यानुसार आपली संख्या अशी वाचता येते: १ मध्य, २ अंत्य, ३ जलधी, ४ शंकू, ५ महापद्म, ६ निखर्व, ७ खर्व, ८ अब्ज, ९ अर्बुद, ८ कोटी, ७ प्रयुत, ६ लक्ष, ५ अयुत, ४ हजार, ३ शे, २ दहं, १. (प्रयुत म्हणजे दहा लाख, अयुत म्हणजे दहा हजार.) परार्धाला जेमतेम एक पायरी कमी!

आम्हा संभाजीनगरकरांना हे भास्कराचार्य तसे शेजारचे. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावला गेलं की जवळच पाटण आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी तिथे आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला. त्याचा शिलालेख तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे.

संख्या किती मोठी आहे याचा अंदाज हवा असेल तर तिला सेकंद समजा. एवढ्या सेकंदांची सुमारे ३९ कोटी वर्षं होतात. वेरूळची लेणी ज्या काळ्या दगडात कोरली आहेत तो दगड साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. म्हणजे तो लाव्हा थंड झाल्यापासून आजपर्यंतचे सगळे सेकंद मोजले तरी आपल्या संख्येच्या पाव भागालाही पोचत नाहीत.

चढ-उताराचं रहस्य काय?

यात जादू काहीच नाही, शाळेतला साधा उभा गुणाकार आहे. छोट्या भावंडापासून सुरू करू: १११ × १११.

१११
१११०
१११००
बेरीज: १२३२१

तीन ओळी, प्रत्येक ओळ एका घराने डावीकडे सरकलेली. उजव्या टोकाच्या घरात फक्त एक '१' येतो. त्याच्या डावीकडे दोन, मधल्या घरात तीन, मग परत दोन आणि शेवटी एक. म्हणजे उत्तरातला प्रत्येक अंक हा 'या घरात किती एक आले' याची नुसती मोजणी आहे.

नऊ एक घेतले की नऊ ओळी होतात. मधल्या घरात नऊ एक जमतात, बाजूला आठ, मग सात. नऊ हा एका घरात मावणारा सगळ्यात मोठा अंक. म्हणून हातचा घ्यावा लागत नाही आणि मोजणी जशीच्या तशी उत्तरात उतरते.

दहा एक घेतले की मधल्या घरात दहा येतात आणि हातचा येतो. मग काय होतं? ११११११११११ चा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ आहे. डावीकडचा ८ गायब, मध्ये दोन शून्यं, दोन्हीकडून सारखी वाचण्याची गंमत संपली. त्यामुळे या मालिकेत आपली सतरा अंकी संख्या शेवटची. त्याआधीची भावंडं अशी: १, १२१, १२३२१, १२३४३२१, १२३४५४३२१ आणि पुढे.

डोंबिवली स्टेशन आणि देवळालीचे मास्तर

या संख्यांना 'डेम्लो संख्या' हे नाव दिलं दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी. जन्म १९०५ साली डहाणूला, शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं आणि १९२९ मध्ये ते मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाले. त्यानंतर १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षं ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवत होते. पुढची मोठी पदवी नाही, विद्यापीठात नोकरी नाही, कॅल्क्युलेटरही नाही. वही आणि पेन्सिल, बस्स.

'डेम्लो' हे डोंबिवली स्टेशनचं जुनं नाव. तिथे गाडी बदलताना कापरेकरांना या संख्यांची कल्पना सुचली, म्हणून त्यांनी स्टेशनचंच नाव दिलं असं सांगतात. १९३८ मध्ये 'द मॅथेमॅटिक्स स्टुडंट' या नियतकालिकात त्यांचा या संख्यांवरचा लेख आला. संभाजीनगरहून तपोवन किंवा जनशताब्दीने मुंबईला गेलात तर मनमाड, नाशिकनंतर आधी देवळाली लागते आणि कल्याणनंतर डोंबिवली. एकाच प्रवासात कापरेकरांचं गावही दिसतं आणि त्यांच्या संख्येचं स्टेशनही.

कापरेकरांची डेम्लो संख्येची कल्पना नुसत्या चढ-उताराची नव्हती. त्यांनी संख्येचे तीन भाग पाडले: डावा, मधला, उजवा. डावा आणि उजवा भाग मिळवला की मधल्या भागातलाच अंक पुन्हा पुन्हा यायला हवा. आपल्या संख्येवर लावून बघा:

डावा भाग: १२३४५६७८
मधला भाग: ९
उजवा भाग: ८७६५४३२१
डावा + उजवा: ९९९९९९९९

मध्ये नऊ आणि बेरजेतही सगळे नऊ! छोट्या भावंडांचंही तसंच. १२३२१ मध्ये १२ + २१ = ३३ आणि मध्ये ३. १२३४३२१ मध्ये १२३ + ३२१ = ४४४ आणि मध्ये ४.

कापरेकरांचं नाव तुम्ही कदाचित ६१७४ मुळे ऐकलं असेल. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, मोठीतून छोटी वजा करा. उत्तरावर परत तेच करा. जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ येतेच आणि तिथेच थांबते, कारण ७६४१ − १४६७ = ६१७४. त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत हे मांडलं. भारतात अनेकांनी 'पोरखेळ' म्हणून तिकडे दुर्लक्ष केलं. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या सदरात लिहिल्यावर कापरेकरांचं नाव जगभर झालं. १९८६ मध्ये देवळालीतच त्यांचं निधन झालं.

संख्येचे आणखी गुणधर्म

१. हर्षद संख्या. हे नावही कापरेकरांचंच. हर्षद म्हणजे हर्ष देणारी. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जातो ती हर्षद. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१. आणि १२३४५६७८९८७६५४३२१ ÷ ८१ = १५२४१५७८९९७१०४१, बाकी शून्य.

सगळ्या नऊ भावंडांना हे जमत नाही बरं का. १२१ ची बेरीज ४, पण १२१ ला ४ ने भाग जात नाही. नऊ जणांत फक्त तिघं हर्षद आहेत: १, १२३२१ आणि आपली सतरा अंकी.

२. बेरजेने गुणलं तर? भागाकार सगळ्यांना जमत नाही, पण गुणाकारात सगळे पास. १२१ × ४ = ४८४, म्हणजे २२ चा वर्ग. १२३२१ × ९ = ११०८८९, म्हणजे ३३३ चा वर्ग. आणि आपली संख्या × ८१ = ९९९९९९९९८००००००००१, म्हणजे ९९९९९९९९९ चा वर्ग. कारण सोपं आहे. या भावंडांच्या अंकांची बेरीज स्वतःच पूर्ण वर्ग असते (४, ९, १६ … ८१), आणि वर्ग गुणिले वर्ग म्हणजे वर्गच.

३. आठ नसलेली संख्या. १११११११११ ला ९ ने भागा. उत्तर १२३४५६७९. एकपासून नऊपर्यंत सगळे आले, फक्त आठ नाही. आता तुमचा आवडता अंक घ्या, समजा ७. त्याला ९ ने गुणा: ६३. मग १२३४५६७९ × ६३ = ७७७७७७७७७. मित्रांसमोर करून दाखवायला हा मस्त प्रकार आहे आणि यात फोनचा कॅल्क्युलेटरही अडखळत नाही, उत्तर नऊच अंकी आहे.

४. अवयव. १२३४५६७९ चे अवयव ३७ आणि ३३३६६७, दोन्ही मूळ संख्या. त्यावरून आपल्या संख्येचे अवयव: ३ चार वेळा, ३७ दोन वेळा, ३३३६६७ दोन वेळा. विभाजक मोजायचे तर प्रत्येक घातात एक मिळवून गुणा: ५ × ३ × ३ = ४५. विभाजकांची ही संख्या विषम आहे, आणि असं फक्त पूर्ण वर्गांच्याच बाबतीत होतं.

फोन कुठे अडखळतो?

आता मुख्य मुद्दा. मशीन अंक आपल्यासारखे दहाच्या घरात नाही, शून्य आणि एकच्या बिटांमध्ये ठेवतं. बहुतेक सॉफ्टवेअर संख्या ठेवण्यासाठी ६४ बिटांची एक ठरलेली पद्धत वापरतं. १९८५ पासून तिचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. या ६४ बिटांपैकी १ बिट धन-ऋण चिन्हासाठी, ११ बिट दशांश चिन्ह कुठे आहे ते सांगण्यासाठी आणि उरलेले ५२ खऱ्या अंकांसाठी. सुरुवातीचा एक बिट न लिहिता गृहीत धरतात, म्हणून प्रत्यक्षात ५३ बिटांची अचूकता मिळते.

५३ बिटांत सलग सगळ्या पूर्णांक संख्या ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतच अचूक ठेवता येतात. त्यापुढे मशीनला फक्त सम संख्या दिसतात. किराणा दुकानात काट्याला फक्त दोन-दोन किलोची वजनं असतील तर पाच किलो तांदूळ बरोबर कसा तोलणार? चार नाहीतर सहा, दुसरा पर्याय नाही.

आपली संख्या त्या मर्यादेच्या थोडी वर आहे. तिला ५४ बिट लागतात. म्हणजे अवघ्या एका बिटाने हुकलं! आणि संख्या विषम आहे, त्यामुळे ती बरोबर दोन सम संख्यांच्या मधोमध येते: शेवटी ३२० असलेली आणि शेवटी ३२२ असलेली. असा पेच पडला की नियम सांगतो, ज्या संख्येचा शेवटचा साठवलेला बिट शून्य असेल ती घ्या. इथे ती ३२० वाली. म्हणून जावास्क्रिप्ट १२३४५६७८९८७६५४३२० दाखवतं.

एक्सेलचं गणित थोडं वेगळं. तेही हीच ६४ बिटांची पद्धत वापरतं, पण फक्त पहिले १५ अर्थपूर्ण अंक ठेवतं आणि पुढच्या सगळ्या घरांत शून्य भरतं. सतरातले शेवटचे दोन अंक गेले, उरलं ३००.

जावाच्या 'इंट'चं उत्तर सगळ्यात धोकादायक. त्यात फक्त ३२ बिट असतात आणि २१४७४८३६४७ च्या वर जागाच नाही. वरचे बिट नुसते कापले जातात आणि उरतं ते १६५३७३२५२९. उत्तराचा मूळ संख्येशी डोळ्यांना दिसेल असा काही संबंध उरत नाही, आणि प्रोग्राम थांबतही नाही. तिथे 'लाँग' हा ६४ बिटांचा पूर्णांक प्रकार वापरला की उत्तर अचूक येतं.

मग बरोबर उत्तर कुठे मिळेल? पायथॉनमध्ये, कारण त्यात पूर्णांक हवा तेवढा मोठा होऊ शकतो. जावास्क्रिप्टमध्ये 'बिगइंट' प्रकार वापरला तर. आणि अँड्रॉइडवरच्या गूगल कॅल्क्युलेटरमध्येही, कारण त्याचं गणित खास अचूकतेसाठी नव्याने बांधलं आहे. स्क्रीनवर मावत नसेल तर उत्तर बोटाने सरकवून उरलेले अंक बघा. काही फोनच्या कॅल्क्युलेटरवर मात्र १.२३४… आणि शेवटी 'ई१६' असं येतं. त्याचा अर्थ 'दशांश चिन्ह सोळा घरं उजवीकडे सरकवा'. उत्तर चुकीचं नाही, फक्त शेवटचे अंक लपवलेले आहेत.

पण मला सतरा अंकांची गरजच काय?

गरज आहे. गणितात नसेल, पण पैशात आहे.

मी पुंडलिकनगरात राहतो. गजानन महाराज मंदिराकडून आमच्या रोडला लागलं की क्लासेस, अभ्यासिका आणि मेस यांचे बोर्ड सुरू होतात. गेल्या वर्षी इथल्या एका अभ्यासिकेने जागा बदलली आणि मुलांना प्रत्येकी दीड हजार रुपये अनामत परत करायचं ठरवलं. मुलांनी व्हॉट्सअ‍ॅपवर खाते क्रमांक पाठवले, तिथल्या मॅनेजरने ते एक्सेलमध्ये भरले आणि पैसे सोडले. बहुतेकांना मिळाले. चौघांचे परत आले. 'तुमचेच नंबर चुकीचे' असं उत्तर त्यांना मिळालं. त्यातल्या एकीला त्याच पैशांतून परीक्षेचा फॉर्म भरायचा होता आणि शेवटची तारीख दोन दिवसांवर होती.

ती फाइल माझ्याकडे आली. अकरा अंकी, चौदा अंकी, पंधरा अंकी खाते क्रमांक ठीक होते. सोळा अंकी चार होते आणि चारही क्रमांकांच्या शेवटी शून्य. चौघांच्या पासबुकावर मात्र शेवटी ३, ७, ७ आणि ४. पंधरा अंकांची मर्यादा इथेच नडली होती. पोरांनी नंबर बरोबर दिले होते, एक्सेलने न विचारता शेवटचा अंक पुसला होता. तिने फॉर्म मैत्रिणीकडून उसने घेऊन भरला. अनामत आठवड्याने जमा झाली.

इथे नशीब असं की शून्याने संपणारे ते क्रमांक कोणाचेच नव्हते, म्हणून पैसे परत आले. ऑनलाइन ट्रान्सफरमध्ये रक्कम खाते क्रमांकाच्या आधारे जमा होते. म्हणून तो क्रमांक दुसऱ्या कोणाचा असता तर प्रकरण लांबलं असतं. रिझर्व्ह बँकेने आता एनईएफटी आणि आरटीजीएससाठी पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दाखवण्याची सोय बँकांना बंधनकारक केली आहे, १ एप्रिल २०२५ पासून. ते नाव वाचल्याशिवाय पुढचं बटण दाबू नका.

कोणते क्रमांक धोक्यात?

• मोबाइल नंबर, १० अंक: सुरक्षित.
• आधार, १२ अंक: अंक जात नाहीत, पण एक्सेलच्या साध्या सेलमध्ये 'ई+११' असं दिसू शकतं.
• यूपीआयचा व्यवहार क्रमांक, १२ अंक: आधारसारखंच.
• बँक खाते: बँकेप्रमाणे अंक वेगळे. १५ पर्यंत ठीक, १६ पासून धोका.
• आधारचा व्हर्च्युअल आयडी, १६ अंक: शेवटचा अंक जाणार.
• डेबिट कार्ड, १६ अंक: शेवटचा अंक जाणार. तसंही कार्ड नंबर कुठल्याच शीटमध्ये ठेवू नका.
• सुरुवातीला शून्य असलेला कोणताही क्रमांक: पुढचा शून्य उडणार, मग अंक कितीही असोत.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. आधार आणि कार्ड यांचा शेवटचा अंक 'पहारेकरी' असतो. आधीच्या अंकांवरून ठरलेल्या सूत्राने तो काढलेला असतो, त्यामुळे एखादा अंक बदलला की सिस्टीमला लगेच कळतं. बँक खात्यांना मात्र आपल्याकडे सगळ्या बँकांना लागू असा एकच पहारेकरी नाही. म्हणून तिथे तुम्हालाच डोळे उघडे ठेवावे लागतात.

उपाय: तीन मिनिटांचं काम

१. एक्सेलमध्ये नंबर भरण्याआधी पूर्ण कॉलम निवडा, 'फॉरमॅट सेल्स'मध्ये जाऊन 'टेक्स्ट' करा आणि मगच नंबर भरा.
२. एकच नंबर भरायचा असेल तर आधी एक एकेरी अवतरणचिन्ह टाका आणि लगेच नंबर. चिन्ह सेलमध्ये दिसणार नाही, पण नंबर मजकूर म्हणून राहील.
३. मोबाइलवर गूगल शीट्स वापरत असाल तर कॉलम निवडून नंबरच्या फॉरमॅटमध्ये 'प्लेन टेक्स्ट' निवडा. हेही नंबर भरण्याआधी.
४. सीएसव्ही फाइल थेट डबल क्लिकने उघडू नका. एक्सेलच्या 'डेटा' टॅबमधून ती आत घ्या आणि त्या कॉलमचा प्रकार 'टेक्स्ट' ठरवा.
५. कोणी यादी पाठवली तर सोळा अंकी क्रमांकांचा फक्त शेवटचा अंक वरून खाली बघा. सगळे शून्य असतील तर फाइल खराब आहे. मूळ नंबर परत मागवा.

एकदा अंक गेला की फॉरमॅट बदलून तो परत येत नाही. तो फाइलमध्ये उरलेलाच नसतो.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एवढ्या मोठ्या कंपन्यांना हा त्रास होत नाही का?
होतो. ट्विटरच्या प्रत्येक पोस्टला एक क्रमांक असतो. २०१० च्या शेवटी हे क्रमांक ५३ बिटांपलीकडे जाणार हे दिसल्यावर कंपनीने तोच क्रमांक मजकुराच्या रूपातही द्यायला सुरुवात केली, म्हणजे जावास्क्रिप्टने शेवटचे अंक बिघडवू नयेत. वरचा आपला उपाय तोच आहे.

मग मशीनवर विश्वास ठेवायचा की नाही?
दुकानाचा हिशेब, टक्केवारी, ईएमआय यासाठी १५ अंक भरपूर आहेत. प्रश्न येतो तो क्रमांकाला संख्या समजल्यामुळे. दोन खाते क्रमांकांची बेरीज आपण कधी करतो का? नाही ना? मग तो क्रमांक म्हणजे अंकांत लिहिलेलं नाव आहे. नावासारखाच तो मजकूर म्हणून ठेवायचा.

मी कोडिंग शिकतोय. कोणती चाचणी ठेवू?
१११११११११ चा वर्ग काढा. उत्तराच्या शेवटी ३२१ आलं तर मोठे पूर्णांक तिथे अचूक हाताळले जातात. ३२० आलं तर ५३ बिटांची मर्यादा आहे. ३०० आलं तर १५ अंकांची. आणि १६५३७३२५२९ आलं तर बिट कापले गेले.

उत्तर बरोबर आहे हे मशीनशिवाय कसं तपासू?
उभा गुणाकार मांडा. नऊ ओळी लिहा, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकवा आणि घराघरातले एक मोजा. एकही हातचा नाही. एक वही आणि पाच मिनिटं पुरतात.